कसब्यातले वीस नमुने

१७ फेब्रुवारी

खरं सांगतो, ही वही ऑगस्टमध्ये घेतली. पूर्णिमा मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या, "राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने रोज लिहावं. काय पाहिलं, काय ऐकलं. मत नंतर." त्याच संध्याकाळी वही आणली, पहिल्या पानावर नाव टाकलं, आणि मग उद्या, परवा, दिवाळी, संक्रांत. एवढ्या महिन्यांत वहीत जमा काय झालं, तर एक किराणा यादी, हरिश्चंद्रगडाचा नकाशा आणि वर्गातल्या पंख्याचं चित्र. आज लिहायला बसलो, कारण आज नाही बसलो तर संपलंच.

मी आयुष मेश्राम, वय चोवीस, गाव तुमसर, जिल्हा भंडारा. (स्वतःच्याच वहीत स्वतःची ओळख काहून देऊन राहिलो कोण जाणे.) डिप्लोमा दीड वर्षात सोडला. मनालीला एका ट्रेकवाल्याकडे तंबू ठोकले, गोव्यात हॉस्टेलच्या काउंटरवर बसलो, बी.ए. मुक्त विद्यापीठातून झालं, म्हणजे होऊन गेलं. मग आम्रपालीताईने स्वतः फॉर्म भरून मला इथे एम.ए.ला घातलं. ताई खराडीला आयटीत आहे, वाघोलीला राहते, मी तिच्याकडे. ती म्हणाली, "हे शेवटचं, सोनू. यानंतर काही सोडायचं असलं तर आधी माझं घर सोड."

आज मॅडमनी बोलावलं. हजेरी एक्केचाळीस टक्के.

"मेश्राम, आपण आमच्या विभागात शिकता असं ऐकलं."

"हो मॅडम."

"अफवा असेल म्हणून विचारलं."

टर्म ग्रँट देणार नाही म्हणाल्या, म्हणजे एप्रिलच्या परीक्षेला बसायचं नाही. मग बराच वेळ माझ्याकडे पाहून एक वाट ठेवली: क्षेत्रकार्य. मतदार यादीतून संगणकाने कसबा पेठेतली वीस नावं काढली आहेत. त्याच वीस माणसांना जाऊन भेटायचं. शेजारीण नाही, भाऊ नाही, बोलका आहे म्हणून कोपऱ्यावरचा पानवाला तर नाहीच. यादीने निवडला तोच नमुना. प्रश्नावली भरून घ्यायची, शेवटी एक नकली मतपत्रिका द्यायची, माणसाने आपल्या हाताने खूण करून पुठ्ठ्याच्या पेटीत टाकायची, मी तोंड फिरवायचं. माणूस नाहीच भेटला तर कारणाचा आकडा लिहायचा. एक, घर बंद. दोन, स्थलांतरित. तीन, नकार. चार, मयत. बस.

तेरा मार्च, संध्याकाळी पाच. "वीसच्या वीस नोंदी खऱ्या असल्या तर टर्म ग्रँट. एक जरी खोटी निघाली तर पुढच्या वर्षी भेटू. किंवा नाही भेटू."

मी म्हटलं, "मॅडम, वीस नमुने काय, आरामात जमवतो."

"एक तर माझ्यासमोरच उभा आहे," म्हणाल्या.

२० फेब्रुवारी

काय दिवस! काय दिवस! राज्यशास्त्र पुस्तकात आहे असं वाटलं होतं. ते तर जिन्यात आहे!

पहिलं दार.

"काय विकता?"

"काही नाही काकू. राज्यशास्त्र."

"तेही नको."

पण पाच मिनिटांनी त्याच काकूंनी मला आत घेतलं, कारण मी जिन्यातच बसून पाणी पीत होतो आणि ते त्यांना बघवेना. यादीतलं नाव त्यांच्या सासऱ्यांचं निघालं, वय एक्क्याऐंशी. आजोबांनी पाऊण तास प्रश्नांची उत्तरं दिली, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला दुसऱ्याच प्रश्नाचं. मग मतपत्रिका घेतली, पाठ फिरवली, खूण केली आणि कागदाची घडी उभी घातली. "आडवी घातली की शाई दुसऱ्याच्या चिन्हावर उमटते," म्हणाले. मी म्हटलं, "आजोबा, हे पेन आहे, शाई ओली नाही." तर म्हणे, "सवय ओली आहे." कागद पेटीत पडल्याचा जो आवाज झाला नं, त्याने माझ्या अंगावर काटा आला. खोटी पेटी, खोटा कागद, आणि म्हातारा कसा ताठ उभा!

आज चार झाले. माझ्यासारखीच हजेरी कमी असलेला जोडीदार अभिनव, त्याचे दुपारीच नऊ झाले! मला कँटीनमध्येच दिसला, शांतपणे फॉर्म नीट लावत होता. शिस्तीचा माणूस. सगळ्या फॉर्मांवर एकाच कोनात टिकमार्क. पेटी जड होते म्हणून त्याने घरीच ठेवली होती. मला असं पटपट कधी जमणार?

२४ फेब्रुवारी

चार दिवस लिहिलं नाही. कारण तांबं.

झालं असं की शनिवारी मी बाराव्या नावाकडे निघालो होतो. तांबट आळीतून जाताना ठोक्यांचा आवाज आला आणि मी एका दारात थांबलो. आत एक काका पातेल्यावर मठार करत होते. गोल तोंडाच्या हातोडीने एका शेजारी एक, एका शेजारी एक ठोका, रांग सरळ, पट्टी न लावता. त्याने तांबं घट्ट होतं आणि दिव्यासारखं चमकतं. मी किती वेळ उभा होतो माहीत नाही.

"आत या नाहीतर पुढे जा," काका मान वर न करता म्हणाले. "उजेड अडतोय."

आत गेलो. आणि चार दिवस गेलोच! नाव रावसाहेब. वय साठीचं, बोलणं कमी. पहिल्या दिवशी विचारलं,

"आडनाव?"

"मेश्राम."

"कुठले?"

"भंडाऱ्याकडचे."

"अच्छा." हे अच्छा जरा लांब होतं. मग म्हणाले, "इथे राहता कुठे?"

"वाघोलीला. ताईकडे."

तेव्हा त्यांचा ठोका चुकला. पातेल्यावर भलताच वळ उठला. चाळीस वर्षांचा हात आणि चुकतो! मला तर धीरच आला. थोड्या वेळाने म्हणाले, "पाणी येतं का हो तिकडे रोज?" मी म्हटलं, "टँकर येतो." "टँकर," म्हणाले, आणि तो वळ सपाट करायला लागले. पुण्याच्या लोकांना पाण्याची फार काळजी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक जुनं ताट आणि हातोडी दिली. माझ्या ठोक्यांची रांग दारूड्यासारखी चालते, पण काका म्हणाले, "हात वाईट नाही. डोकं दुसरीकडे आहे." हे मला आजवर सगळ्या मास्तरांनी सांगितलंय, पण पहिलं वाक्य कोणी जोडलं नव्हतं.

आज आठवण झाली की मी इथे नमुने शोधायला आलोय. यादी काढली. सतरावं नाव: प्रियदर्शनी रावसाहेब तासगावकर, स्त्री, सत्तावीस. घर क्रमांक हाच!

"काका, हे तर तुमच्याच घरातलं नाव नं? कुठे आहेत ताई?"

ठोके थांबले. रस्त्यावरच्या स्कूटरचा आवाज आत आला.

"ती आम्हाला मेली," काका म्हणाले. आणि पुन्हा ठोके सुरू, आधीपेक्षा जोरात.

दारात काकांच्या घरच्या, दुर्गाकाकू, चहा घेऊन आल्या होत्या, तशाच परत आत गेल्या. भिंतीवर फोटोसुद्धा लावलेला नाही, इतकं दुःख असावं. सत्तावीस म्हणजे काही वय आहे? कसं झालं हे मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात. बाहेर येऊन फॉर्मवर लिहिलं: चार.

२६ फेब्रुवारी

आज मी लोकशाहीसाठी प्रत्यक्ष काम केलं!

सकाळी विचार करून राहिलो होतो की मयत माणसाचं नाव यादीत राहतं कसं? उद्या कोणी तिच्या नावावर मत टाकलं तर? सरळ अंगणवाडीत गेलो. तिथल्या हिराताई या भागाची मतदार यादी सांभाळतात. मुलांना खिचडी वाढत होत्या.

"तासगावकरांची मुलगी? मला कोणी सांगितलं नाही बाई," हिराताई म्हणाल्या. "तुम्ही नक्की सांगता?"

"त्यांच्या वडिलांनी स्वतः सांगितलं."

"मग लिहून द्या."

लिहून दिलं! पूर्ण पान, नाव, विभागाचा पत्ता, सही. हिराताई म्हणाल्या, आता घरच्यांकडे कागद नेऊन देते, वडिलांनी सही केली की नाव वगळायला पुढे पाठवते. माझी सही आजवर रजेच्या अर्जाशिवाय कुठे लागली नव्हती. आज ती सरकारी फाइलमध्ये आहे.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आधी हात धू, हिरवे दिसून राहिले." तांब्याचे आहेत म्हटलं.

५ मार्च

वीस नावं पूर्ण!! चौदा भेटी, दोन घरं बंद, दोन स्थलांतरित (एक नाशिक, एक जर्मनी), एक नकार ("मत गुप्त असतं, एवढं शिकवलं नाही का तुम्हाला?"), एक मयत. पेटी हलवली की आतून पत्त्यांसारखा आवाज येतो. मला हे शिकायचंय. खरंच. हे पहिल्यांदा लिहितोय.

९ मार्च

आज मॅडमनी नोंदी तपासल्या. प्रत्येकाच्या यादीतली तीन नावं काढून सगळ्यांसमोर फोन लावत होत्या. अभिनवच्या पहिल्या मतदाराने सांगितलं की आपण असा मुलगाही पाहिला नाही आणि पेटीही नाही. दुसऱ्यानेही तेच. अभिनव खाली बघत होता. मॅडमनी फक्त त्याचे फॉर्म परत दिले. त्याची टर्म ग्रँट गेली. मला तर कधी शंकाच आली नव्हती.

मग माझे. आजोबांनी फोनवर मॅडमनाच उभी घडी समजावून सांगितली. मी तर हवेत!

"सतरावं," मॅडम म्हणाल्या. "मयत. कोणी सांगितलं?"

"वडिलांनी."

"त्यांचे शब्द सांगा. जसेच्या तसे."

"'ती आम्हाला मेली.'"

"आम्हाला?"

"हो."

"तुमच्या तुमसरला माणूस कोणाला तरी मरतं का हो? की नुसतंच मरतं?"

मी म्हटलं, नुसतंच. मॅडमनी चष्मा काढला. "मेश्राम, राज्यशास्त्राला विभक्तीचे प्रत्ययही लागतात. उद्या जा आणि मृत्यूची तारीख घेऊन या."

इथेही व्याकरण! बरं, जातो.

१० मार्च

काका दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी मागच्या दाराने काकूंकडे गेलो. फॉर्म मांडीवर घेतला. फार जड वाटत होतं, पण विचारलं.

"काकू, माफ करा. एक तारीख हवी होती. प्रियदर्शनीताई कधी गेल्या?"

"पाच डिसेंबर. सकाळी सव्वाआठ."

लिहिलं. "आणि… कशाने गेल्या?"

"रिक्षाने."

माझं पेन थांबलं. मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्या मांडीवरचा फॉर्म पाहिला, त्यावरचा चार पाहिला, आणि तोंडाला पदर लावला. हसल्या की रडल्या मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

मुलीने मार्केट यार्डात काम करणाऱ्या संजयशी लग्न केलं. मुलगा चांगला आहे. "आपल्यातला नाही, एवढंच," काकू म्हणाल्या, आणि लगेच माझ्याकडे बघून, "तुम्ही मनावर घेऊ नका हं." पहिल्या दिवशीचं ते लांब अच्छा मला आज ऐकू आलं. तरी त्याच माणसाने माझ्या हातात हातोडी दिली होती. या दोन गोष्टींचं काय करायचं, ते मला कळत नाही. मॅडमना विचारीन.

मग काकूंनी फळीवरच्या डब्याखालून कागद काढून दाखवला. हिराताईंचा. खाली सहीची जागा कोरी. "आठ दिवस झाले. रोज काढतात. चष्मा लावतात. वाचतात. परत ठेवतात."

हे मी केलं. माझ्या सहीने केलं.

११ मार्च

पळत हिराताईंकडे. मला वाटलं ओरडतील. त्यांनी आधी खिचडी झाकली.

"तुमचं लिहिलेलं मी फाडू शकत नाही. उलटं लिहून द्या, जोडते. पण घरचा कागद घरच्यांकडे आहे. वडिलांनी मयत म्हणून सही करून दिली, तर मला तो पुढे पाठवावाच लागेल."

लिहून दिलं. घरी ताईला सगळं सांगितलं.

"तू जित्या माणसाला मारून आला?" ताई म्हणाली. "करून काय राहिला बे तू पुण्यात?"

मग हसत सुटली. मग काकूंनी काल दिलेल्या चिठ्ठीवरचा मुलीचा पत्ता वाचून म्हणाली, "अरे, ही तर आपल्या मागच्या गल्लीत राहते."

तसाच तिकडे गेलो. प्रियदर्शनीताई खाली टँकरच्या रांगेत होती. हातात नळी, ओढणी कमरेला खोचलेली. मी सगळं एका दमात बोलून टाकलं.

"म्हणजे मी मयत?"

"सध्या हो."

ती मोठ्याने हसली. रांगेतल्या बायका बघायला लागल्या. मग ती उपड्या बादलीवर बसली आणि पाणी वाहून चाललं तरी नळी धरूनच राहिली.

"सही केली त्यांनी?"

"नाही अजून."

"पण फाडलाही नाही."

"नाही."

मी म्हटलं, ताई, आत्ता फॉर्म भरा नं, एक खूण करा, माझी नोंद खरी होईल, टर्म ग्रँट मिळेल. ती म्हणाली, "नाही. अप्पांनी मेली म्हटलंय ना? मग अप्पांनाच ठरवू दे, कागदावर. नाही केली सही, तर पेटी घेऊन या, मत टाकते. केली, तर तुमचा चार बरोबर आहे. खोडू नका."

"याला नकार म्हणून तीन लिहू?"

"मी नकार दिलाय का?" फटकन म्हणाली. बोलणं अगदी बापाचं. निघताना म्हणाली, आईला मी फोनवर सांगते.

१२ मार्च

तांबट आळीत गेलो. आत जायचं धाडस झालं नाही. दुकान उघडं होतं. ठोक्यांचा आवाज नव्हता.

१३ मार्च

विभागातल्या बाकावर बसून लिहितोय. चार वाजून दहा मिनिटं.

सकाळीच मॅडमना सगळं लिहून दिलं, तीन पानं. चूक माझी, अर्थ लावला मी, विचारलं नाही, वर सहीसुद्धा ठोकली. मॅडमनी तिन्ही पानं वाचली. मध्ये एकदा 'रिक्षाने' वर थांबल्या आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खोकल्या.

"छान लिहिलंय. आता नोंदीचं बोला. ही मतदार भेटली?"

"भेटली, म्हणून स्थलांतरितचा दोन लागत नाही. पण मत टाकलं नाही."

"नकार?"

"नाही म्हणते."

"मयत?"

"ते तिच्या वडिलांवर आहे."

"मग आकडा काय लिहिणार?"

"वाट पाहतोय मॅडम."

"त्याला आकडा नाही."

पण मग म्हणाल्या, पाचपर्यंत खरं काय ते कळू द्या, पेटी नंतर आली तरी मी बघेन. पाचपर्यंत कळलं नाही तर हा चार खोटी नोंद म्हणून धरावा लागेल, अभिनवच्या धरल्या तशाच. मी हो म्हटलं. बरोबरच आहे ते. त्याने कँटीनमध्ये बसून माणसं बनवली, मी दारात उभा राहून एक माणूस पुसला. माझं काम जास्त वाईट.

गंमत म्हणजे मला पळून जावंसं वाटत नाहीये. आजवर असं काही आलं की मी सॅक भरायचो. आज वाटतं, परीक्षा गेली तरी पुढच्या वर्षी परत येईन. परत वीस नावं घेईन. ताई घरातून काढेल, तर तांबट आळीत पातेली घासेन, पण हे शिकेन. एका शब्दाच्या शेपटीला लागलेल्या 'ला'वर एक बाई यादीत राहते की जाते, हे कुठल्या पुस्तकात होतं?

साडेचार. अभिनव येऊन बसला. म्हणाला, "तू सरळ तीन का नाही लिहीत? कोण बघतंय?" मी म्हटलं, ती बघतेय. तो उठला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला.

चार बेचाळीस. मॅडमच्या केबिनचं दार उघडं आहे. त्या घड्याळाकडे बघत नाहीत, म्हणजे बघतायत.

चार एकावन्न. श्याममामा, आमचे शिपाई, जिना चढून आले. धापा टाकत होते, तरी पहिले टोमणाच. "मेश्राम कोण, मेश्राम? वर्षभर कधी दिसला नाहीस, आणि आता लोक तुला शोधत येतात होय? खाली एक गृहस्थ आलेत, कसब्यातून. हातात कागद आहे, बोटं हिरवी. विचारतात, सही करायची नसेल तर हा कागद कुठे परत द्यायचा. मी म्हटलं, वर या. तर म्हणाले वर नाही येत, रिक्षा थांबवलीय, आत बायको बसलीय डबा घेऊन, तुमच्या त्या मुलाला म्हणावं पेटी घेऊन खाली ये, वाघोलीचा रस्ता त्याला माहितीये."